पूर कुणाचा, पिंजरा कुणाचा

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो, तिसरीही अर्धीच. दिवाळीच्या पुस्तकासाठी तुमच्या नोकरीचं काहीतरी लिहा, असं शाळेचे मास्तर म्हणाले तेव्हा मी त्यांना सांगितलं, मास्तर, आपण फावडं धरलेला माणूस. ते म्हणाले, बोलता तसं लिहा, काना-मात्रा मी बघतो. म्हणून बसलो. आमचं कुटुंब गेल्या श्रावणात वारलं. घरात बोलायला कुणी नाही, तेव्हा कागद तर कागद. पण रडगाणं लिहिणार नाही. ही असती तर म्हणाली असती, "लोक फराळ करता करता वाचणार. त्यांच्या ताटात तुमचं दुखनं कशाला वाढताय?"

हिचं नाव पार्वती. मी जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. गाव हिला मुकादमीण म्हणायचं, आणि मी मुकादम. जिल्हा लोकल बोर्डाच्या रस्त्यावर मावळात माझी उमर गेली, लोणावळ्यापासून खाली मळवलीच्या पुढपर्यंत. हमरस्ता सरकारचा, तो वेगळा. आमच्याकडं गावांना जोडणारे मुरमाचे रस्ते. मुकादम म्हणजे काय, तर हाताखाली एक टोळी, टिकाव, फावडी, घमेली आणि मुरूम ठोकायला धुमस. साहेबानं शिव्या द्यायच्या त्या मुकादमाला, आणि मुकादमानं द्यायच्या त्या पावसाला.

लोकांना वाटतं रस्ता गाडीच्या चाकानं मोडतो. चाकाचं एवढं मनावर घेऊ नका. रस्त्याचा वैरी पाणी. म्हणून रस्त्याची पाठ मधे उंच ठेवायची, दोन्ही अंगांना चर काढायचे आणि जिथं ओढा आडवा येतो तिथं खालून मोरी द्यायची. पाण्याला वाट दिली की ते गरिबासारखं जातं. नाही दिली की ते तुमच्या बापाचंही ऐकत नाही. माझी सगळी विद्या एवढीच, आणि ती माझ्या टोळीतल्या प्रत्येकाला येत होती.

मजा मात्र लय केली. एकदा लोणावळ्याच्या बंगल्यावरच्या एका शेटजींची मोटार आमच्या मुरमात पोटापर्यंत रुतली. आत शेठाणी. शेटजी उतरले, शेठाणी काही उतरेना, चपला नव्या होत्या. आमच्या टोळीत हसनभाई म्हणून गाडीवान होता, आमच्याच गावचा, माझ्याहून चार पावसाळे मोठा. त्यानं आपले रेडे जुंपले आणि शेठाणीसकट मोटार बाहेर काढली. शेटजी म्हणाले, "बाई उतरली असती तर रेड्यांना कमी जड गेलं असतं." हसनभाई म्हणाला, "न्हाई शेट, बाई बसल्या म्हणून तर रेडे ऐटीत चालले. रिकामी मोटार त्यांनी वडली नसती."

आणखी एकदा अरुंद बांधावर समोरासमोर दोन वऱ्हाडं आली. मागं कोण सरणार? लग्नाची गाडी मागं घेणं अशुभ. दोन्हीकडचे मामे काठ्या शोधायला लागले. ही तेव्हा रस्त्याकडेला खडी फोडत बसली होती. हातोडी खाली ठेवून म्हणाली, "मागं कुनी सरू नका. दोनी नवरदेवांना खाली उतरवा आन घमेली द्या. बांध रुंद करू." वऱ्हाडी हसले, पण दुसरा इलाज नव्हता. बाशिंगं बैलगाडीत ठेवून दोन्ही नवरदेवांनी मुरूम टाकला, वऱ्हाडानं ठोकला, आणि दोन्ही लग्नं एकमेकांना घासून पार झाली. ती जागा मी तशीच रुंद ठेवली. साहेबानं विचारलं, इथं रस्ता फुगलाय का? मी म्हटलं, लग्नाची सूज आहे.

आता ज्याच्यासाठी बसलो ते सांगतो.

आमच्या गावाच्या आणि मळवली ठेसनाच्या मधे एक ओढा. डोंगरातून उतरतो आणि इंद्रायणीला मिळतो. पावसाळ्यात चार महिने गावची गाडी ठेसनाला जात नव्हती, पाणी ओसरलं तर माणूस कसाबसा पलीकडं जायचा. बोर्डाच्या निवडणुका झाल्या आणि एक वकील अध्यक्ष झाले. नाव लिहीत नाही, त्यांच्या घरच्यांना विचारलेलं नाही. माणूस चांगला, घाईचा. त्यांनी शब्द दिला होता की पावसाआधी तुमची बैलगाडी ठेसनात जाईल, आणि ती गेली. ओढ्यावर मातीचा उंच भराव घातला, त्याच्या खालून पाणी जायला नळ घालून मोरी दिली, फीत कापली, हार घातले. आम्ही सगळे खूश. मीही खूश. पहिली गाडी हसनभाईची गेली, रेड्यांच्या शिंगांना झेंडू.

मग पावसाळा लागला आणि आषाढात एक पहाट अशी आली की तसा पाऊस मी पुन्हा बघितला नाही. डोंगरावरून पाणी येत नव्हतं, डोंगरच खाली येत होता म्हणा. भरावाच्या वरच्या अंगाला पाणी साठत गेलं, तळं झालं, आणि उजाडता उजाडता भराव फुटला. ते सगळं पाणी एकदम खालच्या भातखाचरांत उतरलं. चार घरांच्या भिंती बसल्या. पाटलांची कोंबडी ठेसनाच्या बाजूला एका बाभळीवर सापडली, जिवंत, आणि कुणावर तरी लय रागावलेली. माणूस कुणी गेलं नाही, एवढं देवानं केलं. पण भाताची रोपं गेली. ज्यांना भात लावणं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी एका वाफ्यात दाटीनं रोपं वाढवायची, मग ती उपटून मुठी बांधायच्या आणि चिखलात ओळीनं लावायच्या. रोपं वीतभर होऊन लावणीला आली होती. वाफेच वाहून गेले. आता नव्यानं पेरायला वेळ नाही. रोपं नाहीत म्हणजे वर्ष नाही.

दुसऱ्या दिवशी बोर्डाचे ओव्हरसियर आले. तरणे होते, घाबरलेले होते. भराव बघितला आणि मला बाजूला घेतलं.

"मुकादम, नळाचं तोंड तुंबलं होतं. साफ ठेवणं तुझं काम."

"साहेब, आदल्या दिवशी साफ केलंय."

"साक्षीला कोण?"

"पाऊस."

"थट्टा नको. उद्या अध्यक्ष येताहेत. मी हेच सांगणार. कबूल केलंस तर नुसती नोकरी जाईल."

नुसती. नोकरी गेली की बोर्डाच्या चौकीतली खोली गेली. आणि गाव म्हणणार, याच्यामुळं आपलं वर्ष बुडालं. नोकरी एक वेळ दुसरी मिळते. गावाचं तोंड कुठं दुसरं मिळतं?

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाकरी थापत होती. म्हणाली, "साफ केली व्हती न्हवं?"

"केली होती."

"मग जेवा."

पण गाव माझ्याकडं बघेना. चावडीवरून गेलो तर माणसं घोंगडी सारखी करायला लागत. मला वाटलं, यांनी मला दोषी धरलं. गोष्ट वेगळीच होती, ती मला नंतर कळली. मावळात पावसाच्या सुरुवातीला मासे उलटे, वर चढतात. त्यांना धरायला लोक बांबूच्या कामट्यांचे पिंजरे ओढ्यात लावतात. नवी मोरी झाल्यावर गावाला वाटलं, याहून सोयीची जागा नाही, सगळे मासे एका तोंडातून. मी पिंजरे काढून काठावर टाकायचो, ते परत लावायचे. हा खेळ रोजचा. तेव्हा गावातला जो तो मनात म्हणत होता, मुकादमानं मोरी साफ केल्यावर मी गुपचूप पिंजरा लावला, त्यात पाला अडकला आणि माझ्यामुळं गाव बुडालं. प्रत्येकाला वाटत होतं की गुन्हेगार आपण एकटेच. म्हणून कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.

अध्यक्ष आले ते पायी, जोडे हातात, धोतर गुडघ्याच्या वर. ओव्हरसियर त्यांच्यावर छत्री धरून, आणि स्वतः भिजत. आधी सगळी खाचरं हिंडले, पडलेल्या भिंती बघितल्या, मग चावडीत येऊन खुर्चीवर बसले. गाव घोंगड्यांवर. बायका दाराशी.

ओव्हरसियरांनी ठरलं होतं ते सांगितलं. अध्यक्ष मला म्हणाले, "मुकादम, तुमचं काय म्हणणं?"

"आदल्या दिवशी मोरी साफ केली होती. यापेक्षा मला म्हणणं नाही."

"कुणी पाहिलं?"

सगळे खाली बघत होते. पाटील आपल्या मिशा बघत होते, त्या कशा दिसतात देव जाणे. आणि दाराशी ही उठली. पदर खोचून पुढं आली.

"सायब, मोरी हेंनी साफ केली व्हती. मागनं पिंजरा म्या लावला. मासं धरायचा. त्यात पाला आडाकला."

"तुम्ही कोण?"

"हेंची बायकू. मासं खायची हाव झाली. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

सगळी चावडी हिच्या गळ्याकडं बघत होती, कारण गळ्यात तुळशीची माळ. ही माळकरी. लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या घरात मासळीचा वास आला नाही. शेजारी कालवण शिजलं तर ही आमचं दार लावायची.

सगळ्यात आधी हसनभाईला राहवलं नाही. तो उठला. "सायब, ही बाई खोटं बोलती. माझ्या हाताला मासळीचा वास असला तर ही मला तांब्या देत न्हाई, वरनं पानी वतती. पिंजरा माझा व्हता."

"तुझा कसा?" मागून एक जण म्हणाला. "तुझा वरल्या अंगाला व्हता. ऐन तोंडाला माझा व्हता."

"आरं जा. तुझा पिंजरा फाटका. त्यात पाला ऱ्हातुय व्हय? माझ्यात ऱ्हायला."

"माझा नवा व्हता, माझ्यात ऱ्हायला."

बघता बघता निम्मी चावडी उभी राहिली. पूर आपल्या पिंजऱ्यानं आला म्हणून माणसं भांडत होती, आणि भांडता भांडता एकमेकांच्या पिंजऱ्यांना नावं ठेवत होती. शेवटी पाटलांनी खाकरून सांगितलं, "माझा बी व्हता. गड्याला लावाय सांगितला व्हता." तेव्हा बायका दाराशी हसल्या. पुरानंतर गावात हसू ऐकलं ते पहिलं.

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी हात वर केला.

"पिंजरे तुम्ही कधीपासून लावता?"

"आज्या-पणज्यापासनं," पाटील म्हणाले.

"मग आजवर असा पूर का आला नाही?"

पाटलांनी जरा विचार केला. "पाऊस तर असला बघितला न्हाई, सायब. पर आजवर मधे भराव बी नव्हता."

अध्यक्ष खुर्चीवरून उठले आणि आमच्यासारखे खाली घोंगडीवर बसले. ओव्हरसियरांना काय करावं कळेना, ते छत्री घेऊन उभेच.

"ऐका," अध्यक्ष म्हणाले. "त्या मोरीला तीन नळ बसायचे होते. पावसाआधी रस्ता सुरू करायचा म्हणून, एका नळावर भागवा, बाकीचे दिवाळीनंतर, असं मी सांगितलं. ओव्हरसियरांनी माझा हुकूम पाळला. आता ते तुमच्या मुकादमावर ढकलताहेत, कारण मी त्यांच्यावर ढकलीन अशी त्यांना भीती आहे. तशी वेळ मी कुणावर आणणार नाही. पाऊस देवाचा. पूर माझा. तुमच्या पिंजऱ्यांचा नाही, मुकादमाचा नाही, आणि या बाईंचा तर नाहीच."

आता पंचाईत अशी की साहेबानं असं बोलल्यावर काय करायचं हे गावाला ठाऊक नव्हतं. साहेब रागावला तर मान खाली घालायची, हे माहीत. साहेब खुशीत असला तर हार घालायचा, हेही माहीत. साहेब चुकलो म्हणाला तर काय करायचं, ते कुणाच्या आज्यानंही सांगून ठेवलं नव्हतं. पण गावातला माणूस असं म्हणाला तर काय करायचं याची रीत होती. आपण होऊन चावडीत चूक सांगितली की त्याला गावकाम. विहिरीचा गाळ काढ, देवळाची कौलं चाळ. काम केलं की झालं, मग कुणी त्याची ती चूक उकरून काढायची नाही.

पाटील चाचरत म्हणाले, "आमच्यात गावकामाची रीत हाय. पर ती गावातल्यांना. तुमास्नी कसं सांगावं?"

"मला सांगा. काय काम?"

ही अजून मधेच उभी होती. म्हणाली, "रोपं आणा, सायब. आन आणल्यावर लावाय बी या."

"अगं मुकादमिणी," पाटील म्हणाले.

"अगं काय? त्यांनी कबूल केलंय न्हवं?"

"बरोबर आहे," अध्यक्ष म्हणाले. "येतो."

खरं सांगतो, येतील असं मला वाटलं नव्हतं.

आमच्याकडं पाऊस आधी, खाली तळेगावच्या अंगाला उशिरा. वराळे, परंदवडीकडं अजून लावणी व्हायची होती. आणि लावणीची एक रीत सगळ्या मावळात आहे, रोपं उरली तर विकायची नाहीत, मागायला येईल त्याला द्यायची. पण मागायला घरच्या माणसानं यावं लागतं, गडी पाठवून चालत नाही. अध्यक्ष हसनभाईला बरोबर घेऊन गावोगाव स्वतः हिंडले. हसनभाई नंतर नकला करून सांगायचा. प्रत्येक बांधावर ते आधी हेच म्हणायचे, माझ्यामुळं त्या गावची रोपं गेली, मला रोपं द्या. परंदवडीला एक म्हातारी त्यांना निरखून म्हणाली, "तुमी फुडारी न्हवं?"

"हो."

"मग आसं काय बोलताय? बरं न्हाई का?"

हसनभाई म्हणाला, "बरं हाय मावशे. आताच बरं वाटाया लागलंय."

म्हातारीनं वाफाच दाखवला. म्हणाली, लागतील तेवढी घ्या, उरली तर मी लावीन.

रोपं आली ती आगगाडीनं. तळेगावहून गार्डाच्या डब्यात भरली, तिथं मावेनात म्हणून उतारूंच्या डब्यांत. मळवलीला गाडी थांबली तेव्हा खिडक्याखिडक्यांतून हिरवं बाहेर आलेलं. लोणावळ्याच्या बंगल्यांवर निघालेले लोक मांडीवर रोपांच्या मुठी घेऊन बसलेले, एक जण तर लहान पोराला धरावं तशी मूठ धरून. ठेसनमास्तरानं गाडी जरा जास्त थांबवली आणि तिकडं पाठ करून उभा राहिला. सगळं गाव फलाटावर. मुठी हातोहात उतरल्या. ही सगळ्यात पुढं होती, आणि मुठी मोजायचं सोडून प्रत्येक मूठ देणाऱ्याला म्हणत होती, भात खायला या हं. किती जणांना तिनं जेवायला बोलावलं त्याचा हिशेब नाही. सुदैवानं सगळे आले नाहीत.

लावणीला अध्यक्ष आले, चिखलात उतरले आणि लावायला लागले. ओळ अशी वाकडी की साप बरा. बायकांनी त्यांना सोडलं नाही. "वकीलसायब, कोर्टात बी आसंच लिहिता का?" ते म्हणाले, "तिथं कारकून सरळ करतो." ओव्हरसियर बांधावर बूट घालून छत्रीखाली उभे. ही त्यांना म्हणाली, "ओव्हरशीरसायब, ती छत्री बांधाला रोवा. उगवायची न्हाई, पर हात तरी मोकळं व्हतील." ते बिचारे लाजले, बूट काढले आणि खाली आले. चांगलं लावलं त्यांनी. कोकणातले निघाले. एवढं लावता येत होतं तर बांधावर का उभे होते, विचारलं, तर म्हणाले, कुणी बोलावलंच नव्हतं.

माझी नोकरी राहिली. दिवाळीनंतर भराव पुन्हा घातला आणि नळ तीन बसवले, ते मीच बसवले. वाईट एका गोष्टीचं वाटतं. पुढच्या निवडणुकीला अध्यक्ष पडले. समोरचा माणूस गावोगाव सांगत फिरला, यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय, मी कशाला काही म्हणू? आमच्या गावानं मतं दिली त्यांना, पण मताचा हक्क असलेली माणसं तेव्हा आमच्यात होती किती? असो. आता स्वराज्य आलंय. माझ्या डोळ्यांदेखत साहेब बदलले, मंत्री बदलले. दरडी कोसळतात, पूर येतात, मोटारी येतात, पाहणी होते. बघतो मी. जुन्या सवयीनं त्यांच्या जोड्यांकडं बघतो, हातात आहेत का पायात.

पण त्या लावणीच्या दिवसातलं एक सांगायचं राहिलं. दुपारी सगळे भाकरी खायला बांधावर आले. ज्यांनी ज्यांनी चावडीत पिंजरा कबूल केला होता त्यांना पाटलांनी गावकाम म्हणून लावायला एकेक खाचर वाटून दिलं होतं, हिलाही. हिचं झालं होतं. तरी ही बाहेर येईना. दुसऱ्या खाचरात उतरली, एकटी.

मी काठावर जाऊन म्हटलं, "अगं, तुझं झालं. भाकरी खा."

"येक झालं. दुसरं ऱ्हायलंय."

"दुसरं कशाचं?"

वर न बघता म्हणाली, "पयलं पिंजऱ्याचं. हे खोटं बोलल्याचं. गळ्यात माळ हाय माझ्या."

"पण पिंजरा तू लावलाच नव्हतास. मग पहिलं कशाला केलंस?"

"चावडीत कबूल केल्यालं. करायचं न्हाई व्हय?"

मला हसू आवरेना आणि डोळे पुसावेत तर हात चिखलाचे. अध्यक्ष भाकरी खात होते. त्यांनी विचारलं, "मुकादम, बाई अजून का लावताहेत?" मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, भाकरी पानावर ठेवली, धोतर पुन्हा वर खोचलं आणि जाऊन हिच्या शेजारी उभे राहिले.

"बाई, जरा सरका."

ही म्हणाली, "तुमचं झालं की, सायब."

"माझं अजून बरंच आहे," ते म्हणाले आणि वाकले.